जोड लागते का? कालचे मल्ल आणि आजचं वजन

आजचा विषय कळल्यावर दोघांतिघांनी मला विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कुस्तीवर आणि बॉक्सिंगवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. मी पैलवान नाही हे माझ्याकडे बघूनच कळतं. (हशा) पण आजचा प्रश्न आखाड्यात सुटणारा नाही. जुने नामांकित मल्ल आजच्या धिप्पाड मल्लांपुढे टिकले असते का, असा तो प्रश्न आहे. यातला एक गडी हयात आहे आणि दुसरा नाही. त्यामुळे ही कुस्ती लावणार कोण? शेवटी ती आमच्यासारख्यांच्या पदरात येऊन पडते.

पारावर हा वाद ऐकलेला नाही असा माणूस इथे सापडणार नाही. एक बाजू म्हणते, आजचे पैलवान पावडरीवर फुगलेले, गामाने यांना पाच मिनिटं उभं राहू दिलं नसतं. दुसरी बाजू मोबाइल पुढे करते आणि म्हणते, आजोबा, ही जुनी फिल्म बघा, एवढ्या संथ गड्याला आजचा कुमार गटातला पोरगाही पाडेल. बॉक्सिंगवाल्यांच्यात तर हा वाद जगभर चालतो. रॉकी मार्सियानो पंच्याऐंशी किलोंच्या आसपास वजनाचा, टायसन फ्युरी सव्वाशेच्या वर. मार्सियानो ४९ लढती खेळला आणि एकही न हरता १९५६ साली निवृत्त झाला. आता त्याला फ्युरीपुढे उभं करायचं म्हटलं की एक गट हसतो आणि दुसरा चिडतो.

मला या वादात एक गंमत वाटते. कोण जिंकलं असतं यावर दोन्ही बाजू भांडतात, पण ही कुस्ती लावायची कशी, हे कुणीच विचारत नाही. आपल्या गावोगावच्या हगाम्यातल्या जुन्या पंचांना हे बरोबर कळत होतं. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी हगामा असतो. हलगी वाजते, आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस कलायला लागला की मानाची. तिथे वजनकाटा नसतो. पंच दोन गडी शेजारी उभे करतात, खांदे बघतात, मांड्या बघतात, कान बघतात. तालीम कुठली, वस्ताद कोण, याआधी कुणाशी धरली होती, हे विचारतात. मग म्हणतात, 'जोड आहे', किंवा 'जोड होत नाही'. जोड होत नाही म्हटल्यावर कुणी कुणाला भित्रा म्हणत नाही. कुस्ती लावायच्या आधीच एक निवाडा झालेला असतो.

हा 'जोड' शब्द आज आपल्याला उपयोगी पडणार आहे. जोड म्हणजे समान वजन नव्हे. ती वजन, वय, कसब, दम आणि लढतीचे नियम या सगळ्यांची मिळून असते. पारावरच्या वादात आपण थेट निकालावर जातो आणि जोड लावायचीच विसरतो.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो, फार वेळ नाही घेणार. 'अमुक असतं तर तमुक झालं असतं' अशा वाक्यांची तत्त्वज्ञानात बरीच चिकित्सा झालेली आहे. क्वाइन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने यावर एक छान उदाहरण दिलं. ज्युलियस सीझर कोरियाच्या युद्धात सेनापती असता तर काय केलं असतं? एक जण म्हणेल, अणुबाँब टाकला असता. दुसरा म्हणेल, दगडफेकीची यंत्रं वापरली असती. दोघांचं बरोबर आहे आणि दोघांचं चूकही आहे, कारण सीझरबरोबर त्याचा काळ आणायचा की नुसता त्याचा स्वभाव आणायचा, हे ठरलेलंच नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. पालखेडच्या मोहिमेतले बाजीराव आज सेनापती असते, तर घोडदळ मागितलं असतं की ड्रोन? तुम्ही त्यांचं घोडं आणता की त्यांची चाल आणता, यावर उत्तर अवलंबून आहे.

गामालाही असंच दोन प्रकारे आणता येतं. एक, १९१० सालचा गामा जसाच्या तसा, त्याच अंगाने, त्याच डावांनी, आज सकाळी मॅटवर उभा करायचा. दुसरा, तोच मुलगा पंचवीस वर्षांपूर्वी जन्मला असता, आजच्या खुराकावर, आजच्या प्रशिक्षकाकडे वाढला असता. पहिला गामा हरला तरी दुसरा हरतो असं सिद्ध होत नाही. आणि दुसरा जिंकला म्हणून पहिल्याची शेखी मिरवता येत नाही. पारावर काय होतं? म्हातारी मंडळी दुसऱ्या गामाबद्दल बोलत असतात, पोरं पहिल्याबद्दल, आणि दोघांना वाटतं आपण एकमेकांशी भांडतोय.

आपल्या नैयायिकांनी अशा विचाराला 'तर्क' म्हटलं आणि एक सावधगिरी सांगून ठेवली. तर्क हे स्वतंत्र प्रमाण नव्हे, तो प्रमाणाचा मदतनीस आहे. 'इथे अग्नी नसता तर धूरही नसता' या विचाराने अनुमानाला बळ येतं, पण नुसत्या 'असता तर'मधून नवं ज्ञान निघत नाही. म्हणून गामा आणि मार्सियानो यांच्याबद्दल बोलताना हाताशी खरा पुरावा काय आहे, ते आधी बघू.

पुरावा वजनापासून सुरू करू. वैशेषिक दर्शनाच्या परंपरेत चोवीस गुण मोजलेले आहेत. त्यात एक 'गुरुत्व' आहे, म्हणजे जडपणा, आणि एक 'संयोग' आहे. या दोघांत एक मोठा फरक आहे. गुरुत्व एकट्या द्रव्यात राहतं. धोंड्याचं वजन धोंड्यात असतं, शेजारी काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. संयोग मात्र दोघांत मिळून राहतो, एकट्या हाताला टाळीचा संयोग नसतो. माझं म्हणणं असं, की पैलवानाचं वजन हे गुरुत्वासारखं आहे आणि त्याचा विजय संयोगासारखा. वजन एकट्याचं सांगता येतं. विजय एकट्याचा सांगताच येत नाही, तो समोरच्याला धरूनच असतो.

याचा एक परिणाम लगेच दिसतो. वजनाची उतरंड लावता येते. राम श्यामपेक्षा जड, श्याम गोविंदापेक्षा जड, म्हणजे राम गोविंदापेक्षा जड. विजयाची अशी उतरंड लागत नाही. जो फ्रेझरने १९७१ साली मुहम्मद अलीला हरवलं. जॉर्ज फोरमनने १९७३ साली त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत लोळवलं. मग फोरमन अलीला खाऊन टाकणार असं सगळ्या जगाला वाटलं, आणि १९७४ साली किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. तिघेही एकाच काळातले, तिघेही एकमेकांशी प्रत्यक्ष लढलेले, आणि तरी साखळी जुळत नाही. तर मग पन्नास-साठ वर्षांच्या अंतरावरून, 'याने त्याला हरवलं, त्याला ह्याने', अशी साखळी ओढत आणणं कितपत खरं?

आता वजनाने नेमकं काय होतं? गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हाडांचं चित्र काढून दाखवलंय, की प्राणी मोठा झाला की त्याचं हाड नुसतं लांब होऊन भागत नाही, प्रमाणाबाहेर जाड व्हावं लागतं. कारण वजन घनाच्या हिशोबाने वाढतं आणि हाडाची, स्नायूची ताकद जाडीच्या म्हणजे वर्गाच्या हिशोबाने. उंची दुप्पट केली तर वजन आठपट, ताकद चौपट. वजन उचलण्याच्या खेळात हे लख्ख दिसतं. नईम सुलेमानोग्लू हा तुर्कस्तानचा बुटका गडी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलोच्या गटात त्याने १९० किलो डोक्यावर नेले, स्वतःच्या तिपटीहून जास्त. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ साली २६७ किलो उचलले, हा विश्वविक्रम, पण गडी पावणेदोनशे किलोंच्या आसपासचा. म्हणजे दीडपट.

यावरून हलका तोच बलवान असं कुणी म्हणू नका. लढतीत स्वतःच्या प्रमाणात किती ताकद आहे हे समोरचा विचारत नाही. २६७ हे १९० पेक्षा जास्तच. पण मोठ्या अंगाचा खर्चही मोठा असतो. तेच अंग सहा मिनिटं, बारा फेऱ्या वागवायचं म्हणजे दम लागतो, पाय जड होतात. म्हणून वजनाचा फायदा आहे, पण तो सरळ रेषेत वाढत जात नाही.

बॉक्सिंगमध्ये याची प्रत्यक्ष उदाहरणं आहेत. ४ जुलै १९१९ ला ओहायोतल्या टोलेडोत जॅक डेम्प्सी, सुमारे ८५ किलो, जेस विलर्डपुढे उभा राहिला. विलर्ड साडेसहा फूट उंच, सुमारे १११ किलो. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली पडला. १९३५ साली जो लुईने, ८९ किलोंच्या आसपास असताना, ११८ किलोच्या प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत संपवलं. म्हणजे राक्षसी देहाचे लोक तेव्हाही होते आणि लहान चणीच्या विजेत्यांनी त्यांना हरवलंय. जुन्यांचे पक्षपाती हे दोन दाखले हमखास देतात.

पण इथे थांबू नये. विलर्ड तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि बराच काळ रिंगणाबाहेर होता. कार्नेराचं कसब बेताचं. त्या काळी एवढा मोठा देह आणि एवढं कसब एका ठिकाणी क्वचित सापडायचं. आजच्या मोठ्या गड्यांचं वेगळेपण वजनात कमी आणि इथे जास्त आहे. सहा फूट नऊ इंचांचा फ्युरी मागे सरकत, कमरेतून वाकत, लहान माणसासारखा खेळतो. डेम्प्सीने धिप्पाड माणूस पाडला होता. धिप्पाड आणि चपळ माणूस त्याच्यासमोर कधी आलाच नव्हता.

आणि तरीही, २०२४ च्या मे महिन्यात रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकने फ्युरीला हरवलं, डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं. डिसेंबरमध्ये उसिक सुमारे १०२ किलो आणि फ्युरी १२७. पंचवीस किलोंचा फरक, पंधरा सेंटिमीटर उंचीचा फरक. उसिक खालच्या वजनगटातून वर आलेला. माझ्या दृष्टीने या वादातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच आहे, कारण यात 'असता तर' नाही. शंभर किलोंच्या आसपासचा उत्तम गडी सव्वाशे किलोच्या उत्तम गड्याला हरवू शकतो. अली भरात असताना साधारण शंभरीच्या आतबाहेर होता, उंची उसिकएवढीच. म्हणून अली आणि फ्युरी, जोड आहे. निकाल मी सांगणार नाही, पण जोड आहे. मार्सियानोचं तसं नाही. पंच्याऐंशी किलो, उंची पाच फूट दहा इंच. आजच्या नियमाने तो हेवीवेटमध्ये येतच नाही, खालच्या क्रूझरवेटमध्ये बसतो. तो गट त्याच्या काळी अस्तित्वातच नव्हता, १९७९-८० च्या सुमाराला सुरू झाला. मार्सियानो जसाच्या तसा आणून फ्युरीपुढे उभा केला, तर आपल्या हगाम्यातला पंच म्हणेल, जोड होत नाही. त्यात मार्सियानोचा काही कमीपणा नाही.

मार्सियानोची एक मजेदार हकीकत सांगतो. १९६९ साली अमेरिकेत मार्सियानो आणि अली यांची लढत संगणकावर लावायची टूम निघाली. सैन्यभरती नाकारल्यामुळे अलीला तेव्हा खेळायची बंदी होती आणि मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, डोक्यावर टोप घालून आला होता. दोघांचं रिंगणात चित्रीकरण केलं, शेवटही वेगवेगळे चित्रित केले. मार्सियानो तो चित्रपट बघायला उरला नाही, ऑगस्टमध्ये विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत दाखवलं की तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. (हशा) हसू नका, पारावरचा निकालसुद्धा पार कुणाचा आहे त्यावरच ठरतो.

आता कुस्तीकडे, म्हणजे घरी येऊ. कुस्तीत वजनाच्या जोडीला नियम नावाची दुसरी गोष्ट येते, आणि ती बॉक्सिंगपेक्षा कितीतरी जास्त बदललेली आहे.

मातीतल्या जुन्या कुस्तीत निकाल एकच, चितपट. पाठ लागली पाहिजे. वेळेचं बंधन सैल, कधी नाहीच. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि बरोबरीत सुटली. झिबिस्को गामापेक्षा उंचीने फार नाही, पण अंगाने बराच जड. त्यातला बहुतेक वेळ तो जमिनीला चिकटून पडला होता आणि गामाला तो उलटता आला नाही. एका आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले, दोघेही पन्नाशीच्या आसपास, आणि गामाने मिनिटाच्या आत त्याला चीत केलं. तेच दोन मल्ल, एकदा अडीच तासांत निकाल नाही, एकदा मिनिटात. लंडनला मॅट होती, पतियाळात आखाडा. एवढ्या एका गोष्टीने सगळा उलगडा होतो असं मी म्हणत नाही, पण पायाखाली काय आहे ते मोजल्याशिवाय मल्ल मोजता येत नाही.

आज मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. खाली आणला की दोन गुण, मोठी फेक मारली की चार किंवा पाच, आणि प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकललं तरी एक गुण. हा ढकलण्याचा गुण लक्षात घ्या. मातीत कडेला गेलं की पंच दोघांना मध्ये आणून उभं करायचे, ढकलणाऱ्याला काही मिळायचं नाही. मॅटवर जड अंगाला ढकलण्याचंही माप मिळतं. म्हणजे जुन्या हलक्या मल्लापुढे जड माणूस उभा आहे, एवढंच नाही, तर जडपणाला गुण देणारा नियमही उभा आहे. उलट, सहा मिनिटांत संपवायचं असल्यामुळे जुन्या मल्लाचा मोठा हुकमाचा पत्ता, समोरच्याला तासभर दमवण्याचा, हातातून जातो. गामा जसाच्या तसा उद्या सकाळी मॅटवर आणला तर पहिल्या दोन-चार कुस्त्या तो गुणांवर हरेल असं मला वाटतं. आजचा सव्वाशे किलोचा पैलवान १९१० च्या मातीत वेळेच्या बंधनाशिवाय उतरवला, तर एका तासानंतर मी गामाच्या बाजूने पैज लावीन.

एक गैरसमजही दूर करायला हवा. बॉक्सिंगमध्ये वरच्या गटाला मर्यादा नाही, म्हणून देह वाढत गेले. ऑलिंपिक कुस्तीने मात्र वर झाकण बसवलंय, आज ते १२५ किलोवर आहे. पूर्वी ते नव्हतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा ख्रिस टेलर दोनशे किलोंच्या जवळपास होता, आणि जर्मनीच्या विल्फ्रीड डीट्रिखने त्याला मिठीत घेऊन पाठीमागे फेकलं, त्याचा फोटो आजही छापतात. तेव्हा 'पूर्वीचे लहान, आताचे मोठे' हे कुस्तीत जसंच्या तसं खरं नाही. आपले गणपतराव आंदळकर १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ९७ किलोच्या वरच्या गटात खेळले. ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. कवठेपिरानचे मारुती माने त्याच स्पर्धेत ९७ किलोच्या गटात सुवर्ण घेऊन आले. ही माणसं आजही मैदानात आली असती तर कुणी त्यांना लहान म्हटलं नसतं.

आता खाशाबा. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलोच्या गटात सहावे. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनला गेले तोवर त्यांची कुस्ती मातीतली होती, मॅटची सवय नव्हती. म्हणजे 'मातीतला मल्ल मॅटवर आणला तर काय होतं' हा प्रयोग त्यांच्यावर प्रत्यक्ष झालेला आहे. पहिल्या वेळी सहावा, चार वर्षं त्या नियमांची तयारी केल्यावर तिसरा. जुन्यांना आज आणायचं असेल तर निदान ही चार वर्षं त्यांना द्या, एवढं तरी न्यायाने करा.

पण त्यांच्या बाबतीत एक बारीक मुद्दा आहे. तुम्ही म्हणाल, खाशाबा ५७ किलोत आणि आजचा गडीही ५७ किलोत, म्हणजे इथे तरी जोड बरोबर लागली. नाही लागत. पॅरिसमध्ये २०२४ साली अमन सेहरावतने ५७ किलोत ब्राँझ मिळवलं. उपांत्य कुस्तीनंतर त्याचं वजन साडेएकसष्टच्या आसपास गेलं होतं आणि रात्रभर घाम गाळून त्याने साडेचार किलोंहून जास्त उतरवलं, तेव्हा दुसऱ्या सकाळी काट्यावर बसला. त्याच स्पर्धेत विनेश फोगाट शंभर ग्रॅमसाठी बाद झाली, ते आपण सगळ्यांनी बघितलं. म्हणजे आजचा ५७ चा पैलवान हा खरा एकसष्ट-बासष्टचा, काट्यापुरता ५७ चा. आजचे गडी मोठे आहेत हे असं, गटाचं नाव तेच ठेवूनही खरं ठरतं. काटा एका क्षणाचं सत्य सांगतो. आमच्या हगाम्यातले पंच काटा नसतानाही कदाचित जास्त बरोबर जोड लावत असतील.

आता हा विषय मी का घेतला ते सांगतो. ही पारावरची करमणूक असती तर मी एक तास खर्च केला नसता. खाशाबा आज असते तर महाराष्ट्र केसरी झाले असते का? उत्तर अगदी सोपं आहे, नाही. हरले असते म्हणून नव्हे, त्यांना त्या कुस्तीत घेतलंच नसतं. महाराष्ट्र केसरीचा किताबी गट ८६ ते १२५ किलोंचा. माती आणि गादी अशा दोन बाजूंचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात, जिंकेल त्याला गदा. ५७, ६१, ६५ अशा खालच्या गटांतही कुस्त्या होतात, पदकं मिळतात. पण मिरवणूक गदेची निघते. आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या हर्षवर्धन सदगीरने जानेवारी २०२० मध्ये गदा आणली, त्याचा आनंद आपल्या सगळ्यांना झाला, मलाही झाला. ६१ किलोत कोण पहिला आला, हे या सभागृहातल्या किती जणांना सांगता येईल?

त्यामुळे तालमीत काय होतं? सतरा-अठरा वर्षांचा, साठ किलोचा, पाऱ्यासारखा चपळ मुलगा असतो. त्याला सांगितलं जातं, वजन वाढव, हलक्या गटात काही नाही. मग दूध-तूप-बदामावर भागत नाही, डबे येतात, आणि काही ठिकाणी इंजेक्शनं येतात. 'जुने मल्ल आज टिकले नसते, कारण आता वजन लागतं' हे वाक्य त्याच्या कानावर रोज पडत असतं. ते अर्धवट खरं आहे, आणि त्या अर्धवटपणाची किंमत तो मुलगा देतो. गॅलिलिओचा हिशोब त्याच्या गुडघ्यांनाही लागू आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या नगरला वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरी झाली. पृथ्वीराज मोहोळला गदा मिळाली. त्याआधी गादी गटाच्या निर्णायक कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की नाही, यावर केवढा गदारोळ झाला, तुम्हाला आठवतं. पंच तिथे, कॅमेरे तिथे, हजारो डोळे तिथे, दोन्ही पैलवान जिवंत आणि समोर. तरी पाठ लागली की नाही यावर एकमत होईना. आणि आपण गामा आणि आजचा पैलवान यांचा निकाल चहाच्या एका कपात लावून मोकळे होतो!

माझं बोलणं झालं. थोडे प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, दारासिंग आणि किंगकाँगच्या कुस्त्या आम्ही ऐकल्यात. तिथे तर दारासिंग हलके असून जिंकायचे. तो पुरावा धरायचा का?)

नाही धरता येणार. दारासिंग खरे पैलवान होते, त्याबद्दल शंका नाही. पण त्या फ्रीस्टाइल दंगलींत करमणुकीचा भाग मोठा होता. तिकीट काढून आलेल्या लोकांना जे बघायचं असतं ते तिथे दाखवलं जायचं. डोंगराएवढा माणूस पडताना बघायला कुणाला आवडत नाही? आपल्या मनात 'लहान मोठ्याला पाडतो' हे चित्र पक्कं बसण्यात त्या दंगलींचा वाटा आहे, एवढं मात्र खरं.

(प्रश्न: मग तुमच्या मते जुने श्रेष्ठ की आजचे?)

तुम्ही मला पुन्हा पारावर नेताय. (हशा) कसब आज जास्त लोकांपर्यंत पोचलंय, म्हणून सरासरी पैलवान आजचा चांगला. अगदी वरच्या दोन-चार माणसांबद्दल असं म्हणायला मला आधार सापडत नाही. अव्वल माणूस ज्या काळात जन्मतो त्या काळाचे डाव शिकतो आणि त्यांच्या थोडा पुढे जातो. किती पुढे गेला, हे त्याच्या काळातल्या लोकांशी तुलना करून सांगता येतं. त्या मापाने गामाच्या जवळ जाणारे फार थोडे.

(मागच्या रांगेतून एक मुलगा: सर, मी ६१ किलोत खेळतो. वस्ताद म्हणतात, दोन वर्षांत ८६ ला ये.)

उभा राहा बरं जरा. उंची किती तुझी? पाच-पाच? मग पंचवीस किलो कुठे ठेवणार आहेस बाळा? हे बघ, वस्तादांचा मान ठेव, त्यांना माझ्यापेक्षा कुस्ती जास्त कळते. पण त्यांना एक विचार. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे, त्याने २०१८ ला राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेतलं आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ, ते तुझ्याच ६१ किलोत. त्याला महाराष्ट्र केसरीची गदा नाही. वस्तादांना विचार, राहुल आवारे मोठा पैलवान आहे की नाही. ते काय म्हणतात ते पुढच्या व्याख्यानाला येशील तेव्हा मला सांग.